भेटायचं तर कोणाला? मिरज ते गदग, पाच दिवस

गेलेल्या गवयांपैकी एकाला भेटता आलं तर कोणाला भेटाल, असं विचारलं की दहातले आठजण तानसेन म्हणतात. उत्तर भारदस्त आहे, पण उपयोगाचं नाही. तानसेनाचा सूर कसा होता हे ठाऊक नसल्यामुळे त्याला विचारायचं काय, हेही ठरत नाही. नीट विचारता येतं ते आपल्या शे-दीडशे वर्षांतल्या माणसांना. त्यांतली बरीच मंडळी एकाच लोहमार्गाच्या आसपास राहिली: पुणे, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी. जुन्या दक्षिण मराठा रेल्वेची ही मीटरगेज वाट. नाटक कंपन्या हिच्यावरून फिरल्या, उस्ताद हिच्यावरून आले आणि शिष्य हिच्यावरून पळून गेले.

ही पाच दिवसांची सफर त्याच वाटेवरची. नियम साधा: ज्याच्या गावी जायचं त्याला एकच प्रश्न विचारायचा, आणि तोही असा की ज्याचं उत्तर ध्वनिमुद्रिकेत सापडत नाही.

सामान थोडं. चांगले हेडफोन, सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर, घड्याळ आणि मोबाईलमध्ये आधीच भरून घेतलेली मुद्रणं. ऐनवेळी नेटवर शोधत बसू नये, कारण जुन्या तबकड्यांची तिथली मुद्रणं बऱ्याचदा चुकीच्या वेगानं उतरवलेली असतात. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांची म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात प्रत्यक्ष मुद्रण सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान कुठल्याही वेगानं होई. वेग 78 वरून 73.6 वर आला की पट्टी बरोबर एका अर्धस्वरानं उतरते, म्हणजे साडेचार फेऱ्यांच्या फरकात पेटीच्या काळी तीन पट्टीत गाणारा गवई पांढरी चारवर येतो. तबकडी जास्त वेगानं उतरवली की आवाज पातळ होतो, तान उगाच चपळ वाटते आणि 'काय तयारी होती!' असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. साथीच्या पेटीचा षड्ज ट्यूनरवर पाहावा. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला तर वेगावर संशय घ्यावा. पुरावा मात्र मानू नये, त्या काळच्या पेट्याही एकमेकींशी जुळत नसत.

पहिला दिवस: मिरज

सकाळी जंक्शनवर उतरून सरळ ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्यात जावं. पादत्राणं बाहेर, डोकं झाकलेलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच आवारात विसावले आहेत. जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैरान्याचा. किराणा घराणं हे नाव त्या गावावरून आलं. शेवट 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासजवळच्या सिंगपेरुमलकोइल स्टेशनच्या फलाटावर झाला. पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून उतरले. तिथंच तानपुरा जुळवून दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना केली असं सांगतात. उरुसात इथं त्यांच्या स्मृतीची संगीतसभा चिंचेच्या झाडाखाली होते. त्या वेळी यायचं असेल तर तारीख दरवर्षी नव्यानं पाहावी लागते. उरूस चांद्र कालगणनेनं येतो, त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरात तो दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. गेल्या वर्षीची तारीख धरून आरक्षण केलं की सभा चुकते.

खाँसाहेबांना गाणं मागू नये. 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटी आणि 'जमुना के तीर' ही भैरवी तबकडीवर आहेच. त्यांना तानपुरा लावून दाखवायला सांगावं. हा माणूस श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, मोजणीत देवल आणि क्लेमंट्स या अभ्यासकांबरोबर बसला होता, दक्षिणेत जाऊन तिथल्या सरगमीचा ढंग त्यानं उचलला आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृतीही ध्वनिमुद्रित केली. त्याच्या कानाला षड्ज-पंचमाच्या पलीकडे तानपुऱ्यात काय काय ऐकू येत होतं, हा खरा प्रश्न.

त्याचं अर्धं उत्तर दर्ग्यातून चालत सतारमेकर गल्लीत गेल्यावर मिळतं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथं वाद्यदुरुस्ती सुरू केली, पुढे वाद्यं घडवायला घेतली, आणि गल्लीचं नावच बदललं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कारखान्यात दिवसाउजेडी जावं, विचारून आत शिरावं आणि जवारी लावत, म्हणजे तारेचा झंकार जुळवत, असतील तिथं गप्प बसावं. काम सुरू असताना केलेली बडबड कारागिराला खरोखरच आड येते, कारण तो डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करतो.

मोठा कडू भोपळा सोलापूर जिल्ह्यातून येतो. दांडी आणि तबली (भोपळ्यावरची झाकणफळी) तूनच्या लाकडाची. पण तानपुरा बोलतो तो घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला किंचित उतार असतो, आणि कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते म्हणून तो झंकार निघतो. हा उतार कानशीनं आणि बारीक पॉलिशपेपरनं आणायचा, प्रत्येक तारेखाली वेगळा. जरा जास्त घासलं की पुन्हा पहिल्यापासून. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. धागा केसभर पुढेमागे करत नेला की एका जागी तार एकदम उघडते. ती जागा ओलांडली की आवाज बसतो, अलीकडे राहिली की पत्र्यासारखा कर्कश येतो. नवशिक्यांचा तानपुरा 'वाजत नाही' तेव्हा दहापैकी नऊ वेळा धागा हललेला असतो. घोडी घासायला नेण्याआधी तेवढं बघावं.

लावण्याचा क्रमही पाहून घ्यावा. आधी जोडीच्या दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत, मग खर्ज (सर्वांत खालच्या षड्जाची तार), शेवटी पंचम. रागात पंचम नसेल तर पहिली तार मालकंसाला मध्यमावर आणि मारव्याला निषादावर जाते. खुंट्यांनी जवळ आणायचं आणि तारेत ओवलेल्या मण्यांनी नेमकं बसवायचं. मणी अगदी टोकाला गेला असेल तर तो मागे आणून खुंटीपासून पुन्हा सुरुवात करावी, नाहीतर थोड्या वेळानं सरकवायला जागाच उरत नाही.

चारही तारा खऱ्या जुळल्या की खर्जातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो मूळ कंपनसंख्येच्या पाचव्या पटीचा, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. आता ट्यूनर काढावा. पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो, तानपुऱ्यातला 386 वर. चौदा सेंटांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण तानपुऱ्यासमोर पेटीचा गंधार लांब धरला की तो चढा वाटतो तो याचमुळे. खाँसाहेबांना विचारायचा प्रश्न या चौदा सेंटांतला आहे: गाताना तुम्ही तानपुऱ्याच्या गंधाराशी थांबता, की राग सांगेल तिथं आणखी सरकता? तबकडीवरून हे मोजायला बरेचजण बसतात आणि फसतात. वेग नक्की नाही, मागचा तानपुरा नीट ऐकू येत नाही, मग षड्जच पक्का होत नाही आणि त्यावरचे सगळे आकडे हवेत राहतात.

मिरजेत आणखी एकजण. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926), ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी गेलेला कुरुंदवाडचा मुलगा, विष्णु दिगंबर पलुस्कर, इथंच त्यांच्याकडे शिकला. 1896 मध्ये मिरज सोडून तो बाहेर पडला आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. बुवांचं नाव शेवटच्या दिवशी पुन्हा येणार आहे.

दुसरा दिवस: कोल्हापूर

मिरज–कोल्हापूर रेल्वेनं 48 किलोमीटर. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, पुढे रूळ नाहीत. उद्या पुन्हा मिरजेलाच यायचं आहे हे सामान बांधताना लक्षात ठेवावं.

सगळ्या यादीतून एकच भेट निवडायची असेल तर ती इथली: जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ. जन्म 1855, जयपूरजवळच्या उनियाऱ्याचा. 1895 च्या सुमारास ते शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि पुढची अनेक वर्षं कोल्हापूर हेच त्यांचं ठिकाण झालं. 1946 मध्ये मुंबईत वारले. म्हणजे ध्वनिमुद्रण भारतात आल्यावर चाळीस वर्षं हा माणूस हयात होता, आणि त्याची एकही तबकडी नाही. मुद्रण त्यांनी करूच दिलं नाही.

1883 मध्ये स्थापन झालेला देवल क्लब पाहावा, खाँसाहेबांचा पुतळा पाहावा. पण पुतळ्यासमोर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. दुपार एखाद्या शांत खोलीत काढावी आणि ज्याचा आवाज नाही त्याचा माग शिष्यांच्या आवाजावरून काढावा. जमिनीची मोजणी करणारे जशी तीन ठिकाणांहून दूरची खूण पक्की करतात, तसंच हे.

तीन ठिकाणं अशी. केसरबाई केरकर (1892–1977), मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) आणि मल्लिकार्जुन मन्सूर. पहिल्या दोघी थेट खाँसाहेबांच्या शिष्या. मन्सूर एक पिढी पुढचे: त्यांना आधी खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांची तालीम मिळाली, आणि 1937 मध्ये ते गेल्यावर धाकटे भूर्जी खाँ यांची. जे तिघांतही सापडतं ते थोरल्या खाँसाहेबांचं असण्याची शक्यता मोठी. जे एकाच्यातच आहे ते त्या गळ्याचं.

केसरबाई आणि मन्सूर या दोघांचाही नट कामोद राग मिळतो, तिथून सुरुवात करावी. एकदा ऐकून भागत नाही, तीनदा ऐकायचं आणि दर वेळी एकाच गोष्टीवर कान ठेवायचा. पहिल्यांदा फक्त ताल: हातावर मात्रा मोजून आवर्तनाला (तालाच्या एका फेऱ्याला) किती सेकंद लागतात ते लिहायचं. दुसऱ्यांदा फक्त मुखडा, म्हणजे चिजेची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवात: कितव्या मात्रेवरून उचलला, आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना आधीचा आलाप तोडून आला की त्यातूनच निघाला. तिसऱ्यांदा फक्त श्वास: कुठं घेतला त्या मात्रेवर खूण. हे तिसरं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात बोलकं. या गायकीत तान 'आ'कारात, रागाच्या वळणानं, लयीला धरून चढते. श्वास आपल्याला वाटतो तिथं न येता पुष्कळ पुढे येतो, आणि दोन वाक्यांमधली फट त्यामुळे बुजून जाते.

इथं एक ठरलेली चूक होते. एकाची तीन मिनिटांची तबकडी आणि दुसऱ्याची तासाभराची मैफल शेजारी ठेवून निष्कर्ष काढला जातो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावतात. विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन 48 सेकंदांचं, म्हणजे अख्ख्या बाजूत जेमतेम चार आवर्तनं. गवयानं तिथं चीज (बंदिश) आवळून, लय चढवून गायलेली असते. तेव्हा तबकडीला तबकडी लावावी आणि मैफलीला मैफल. जयपूरच्या तीनतालात मात्रा दीड सेकंदाच्या आसपास धरली तर आवर्तन 24 सेकंदांत फिरतं, आणि किराण्याचा 48 सेकंदांचा विस्तार ऐकून इथं आलेल्याला हे गाणं घाईचं वाटतं. ते घाईचं नाही, दाट आहे.

खाँसाहेबांना काय विचारायचं? दुर्मीळ राग मागण्याचा मोह होतो: खट, बसंती केदार, संपूर्ण मालकंस. ते सगळे शिष्यांनी गाऊन ठेवलेत. विचारायचं ते त्यांच्या बसलेल्या आवाजाबद्दल. उमेदीच्या काळात अतिगायनानं त्यांचा आवाज गेला, आणि परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. पूर्वीचा गोडवा हाताशी नसताना त्यांनी गायकी उभी केली ती लयीच्या आणि रागांच्या गुंतागुंतीवर, असं जाणकार सांगतात. मग प्रश्न असा: आवाज शाबूत राहिला असता तर हे घराणं असंच झालं असतं का? आज चांगल्या गळ्याची मुलंमुली ज्या वळणांवर वर्षं घालवतात, त्यांतली काही एका जखमी गळ्याची सोय म्हणून आली असतील तर ते कळलेलं बरं.

केसरबाईंचं एक जाता जाता. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. त्यांतलं नंतर उडालेलं यान, म्हणजे व्हॉयेजर-1, 5 सप्टेंबर 1977 रोजी गेलं, आणि केसरबाई त्याच महिन्याच्या 16 तारखेला गेल्या.

संध्याकाळी केशवराव भोसले नाट्यगृहाच्या बाजूनं चक्कर मारावी. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत सापडलं. ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारी पिढी अशा नाट्यगृहांत घडली. जुन्या मुद्रणांतला तो भरदार, समोर फेकलेला लगाव रियाजाचा तसाच या गरजेचाही.

तिसरा दिवस: रुळांवर

घाई असेल तर महामार्गानं निपाणी, बेळगाव करत धारवाड दुपारपर्यंत गाठता येतं. रेल्वेनं मिरजेला परत येऊन कुडची, घटप्रभा, बेळगाव, लोंढा असा वळसा पडतो आणि दिवस जातो. तरी रेल्वेच घ्यावी. बेळगाव येण्याआधी सुळेभावी नावाचं छोटं स्टेशन लागतं. शिवपुत्र कोमकाळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, 8 एप्रिल 1924 रोजी या गावी जन्मले. गाडीत झोप लागू देऊ नये, स्टेशन पटकन निघून जातं. कुमारांना प्रश्न नाही. त्यांनी आपल्या गाण्याबद्दल इतकं बोलून ठेवलंय की आधी ते ऐकून संपवावं.

चौथा दिवस: धारवाड, हुबळी, कुंदगोळ

धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर यांचं घर 'मृत्युंजय' जपून ठेवलं आहे. जाण्याआधी उघडण्याची वेळ विचारून घ्यावी. मन्सूर (1910–1992) यांना विचारण्यासारखं फार सरळ आहे. ते आधी नीलकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेर शिकले, नाव मिळवलं, तबकड्याही आल्या, आणि त्यानंतर मंजी खाँसमोर पुन्हा शिकायला बसले. तयार गळ्यातून जुनी सवय काढायची कशी? आधीची चीज विसरायची की नव्या लयीत तीच गायची? त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्या आणि उत्तरायुष्यातल्या मैफली पाठोपाठ ऐकल्या की काय गेलं ते कळतं. कसं गेलं ते कळत नाही.

धारवाड ते हुबळी वीस किलोमीटर, 'चिगरी' बस सतत असतात. गंगूबाई हनगल (1913–2009) हुबळीच्या. त्यांचा विचार करताना दोन मुद्रणं बरोबर हवीत: तरुणपणची, ज्यांवर नाव 'गांधारी' असं छापलेलं आहे, आणि घशाच्या शस्त्रक्रियेनंतरची. पहिल्यातला आवाज बारीक आणि उंच, नंतरचा खर्जाकडे झुकलेला, पुरुषी म्हणावा असा. एकामागोमाग एक लावली तर अनोळखी श्रोता ही एकच बाई आहे हे मानत नाही. इथंही आधी वेग तपासावा. आवाजातला खराखुरा बदल आणि तबकडीच्या वेगानं झालेला बदल यांची गल्लत व्हायला हे अगदी सोयीचं उदाहरण आहे.

शिकायला गंगूबाई हुबळीहून गाडीनं कुंदगोळला जात, रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व (1886–1952) यांच्याकडे. आपणही त्याच मार्गानं जावं. बेंगळुरूच्या लाईनवरचं हे छोटं स्टेशन. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून परतीची वेळ आधी पाहावी. गावातला नाडिगेर वाडा या परंपरेचं मोठं ठिकाण. ते खाजगी घर आहे, परवानगीशिवाय आत शिरू नये. गावात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतोत्सव होतो.

अब्दुल करीम खाँनी रामभाऊंना शिष्य केलं तेव्हा त्यांचा गळा हट्टी होता, सहज वळणारा नव्हता असं सांगतात. खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज तर तारेसारखा बारीक. गुरूची नक्कल शक्यच नव्हती, आणि बहुधा म्हणूनच रामभाऊ चांगले गुरू झाले. त्यांच्या हाताखालून गंगूबाई, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर निघाले. तिघांचे आवाज एकमेकांपासून कोसभर लांब. सवाई गंधर्वांना गाणं विचारू नये, तालीम बघू द्या म्हणावं. एकच पलटा (रियाजाची स्वररचना) दिवसेंदिवस घोटून घेत, हे माहीत आहे. पण आज पुरे, उद्या पुढचा, हे ते कशावरून ठरवत? शिष्य दमला म्हणून, की सूर बसला म्हणून?

पाचवा दिवस: गदग

हुबळीहून पूर्वेला साठेक किलोमीटर, रेल्वे आणि बस दोन्ही. भीमसेन जोशी या गावातून अकराव्या वर्षी, 1933 मध्ये, गुरूच्या शोधात घर सोडून पळाले. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर करत पार जालंधरपर्यंत गेले. तिथं विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितलं की तुझ्याच मुलखात सवाई गंधर्व आहेत, परत जा. कालचं कुंदगोळ आणि आजचं गदग यांतलं अंतर आपण नुकतंच तोडलेलं असल्यामुळे ही गोष्ट नकाशासकट कळते.

गदगमधली भेट मात्र वीरेश्वर पुण्याश्रमातली. पंचाक्षरी गवई (1892–1944) स्वतः दृष्टिहीन. दृष्टिहीन मुलांना त्यांनी गाणं-वाजवणं शिकवून पोटापाण्याला लावलं. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धती. पुढे पुट्टराज गवई (1914–2010) यांनी ते चालवलं, आणि बसवराज राजगुरू हे इथलेच शिष्य. आश्रमात सकाळी जावं, कार्यालयात सांगून बसावं, शिकवणी सुरू असताना मोबाईल वर करू नये. फोटो काढलेला मुलांना दिसत नाही, म्हणून तर आणखीच विचारायला हवं.

पंचाक्षरी गवयांना विचारायचं ते लेखनाबद्दल. नोटेशन दिसत नसलेल्या पन्नास मुलांच्या कानांत एकाच वेळी दोन पद्धतींचे राग वेगळे कसे ठेवायचे? हिंदुस्थानी भैरवी आणि कर्नाटकातला भैरवी राग, नाव एक आणि स्वर निराळे. तिकडच्या हनुमत्तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे. आधी स्वर द्यायचे, की आधी नाव?

त्यांची हिंदुस्थानीची तालीम झाली नीलकंठबुवा मिरजकरांकडे, मन्सुरांचे पहिले गुरू तेच. आणि नीलकंठबुवा शिष्य बाळकृष्णबुवांचे. यादीत नीलकंठबुवांचं नाव कोणी घालत नाही. परतीच्या गाडीत हुबळी येईपर्यंत ते घालून ठेवावं. ती गाडी पुढे मिरजेलाच जाते.